सांगडीवरची सायकल

नगर शहराची नदी म्हणजे सीना. पावसाळ्याचे चार दिवस सोडले तर तिच्यात कागदाची होडी सोडायलाही जागा शोधावी लागते. आणि याच शहरात पाण्यावर तरंगणाऱ्या गाड्यांचं अख्खं शास्त्र नांदतं. यांत्रिक पायदळाचं केंद्र इथलंच. त्या पायदळाची ‘सारथ’ म्हणजे बीएमपी-२ ही चौदा टनांची गाडी केवळ पट्टे फिरवत ताशी सात किलोमीटरने नदी पार करते. शहराजवळच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने टाटांच्या साथीने आठ चाकांची ‘व्हॅप’ आखली. ती रस्त्यावर पळते आणि पाण्यात उतरली की मागच्या वॉटरजेटवर चालते. २०२५ साली मोरोक्कोत तिचा कारखानाही सुरू झाला. आता अहिल्यानगर झालेल्या नगरमध्ये या गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

एवढं शेजारी असल्यावर एखाद्या हौशी माणसाच्या डोक्यात किडा वळवळणारच. आपणही घरच्या घरी पाण्यात उतरणारी गाडी बनवावी आणि तिच्यावरून नुसता तलाव न ओलांडता दूरचा प्रवास करावा, अशी हौस पॉलिटेक्निकच्या पोरांना असते आणि निवृत्त फिटरलाही असते. हा लेख अशाच हौशींसाठी आहे. त्यातला सल्ला सुरुवातीलाच सांगून टाकलेला बरा: जुनी जीप घेऊ नका, सायकल घ्या.

हे ऐकून बहुतेकांचा उत्साह मावळतो. म्हणून आधी जीपवाल्यांची हकिगत पाहू.

बेन कार्लिन हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या इंजिनिअर दलात होता. १९४६ साली बंगालमधल्या एका विमानतळावर त्याने फोर्ड कंपनीची तरंगणारी जीप पाहिली आणि हिच्यातून जगप्रदक्षिणा करायची, असं ठरवून टाकलं. सुरुवातीचे प्रयत्न फसले. अखेर १९ जुलै १९५० रोजी तो बायकोसह कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघाला आणि महिनाभर अटलांटिकमध्ये हेलकावे खात अझोर्स बेटांवर पोचला. प्रदक्षिणा पूर्ण झाली ती १९५८ साली. पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या एकाच वाहनाने पृथ्वी फिरून आलेला दुसरा माणूस अजून झालेला नाही. ‘हाफ-सेफ’ नावाची ती जीप आज पर्थच्या एका शाळेत ठेवलेली आहे.

या प्रवासातला एक हिशेब घरगुती कारागिराने पाठ करून ठेवण्यासारखा आहे. कार्लिन पाण्यावर सुमारे सतरा हजार किलोमीटर गेला आणि जमिनीवर सुमारे बासष्ट हजार. तीन-तीन महासागरांशी गाठ असूनही रस्ताच साडेतीन पट भरला. महाराष्ट्रात तर हे प्रमाण आणखी एकतर्फी असणार. म्हणजे लांबच्या प्रवासाचं उभयचर वाहन हे आधी रस्त्यावरचं चांगलं वाहन असायला हवं. लोक नेमकं उलटं करतात. होडी बनवतात, तिला चाकं लावतात आणि पहिल्याच चढाला ढकलत बसतात.

दुसरी अडचण इंजिनाची, आणि ती फौजेला चांगली ठाऊक आहे. १९७१ च्या युद्धात मेघना नदीवर आपल्याकडे पीटी-७६ हे मुळातच तरंगण्यासाठी बनवलेले रशियन रणगाडे होते. पण ते सलग अर्धा तास तरंगले की इंजिन तापायचं, आणि नदी ओलांडायला लागणार होते तीनेक तास. शेवटी स्थानिक होड्यांनी ते रणगाडे ओढून पलीकडे नेले. कारखान्यात तयार झालेल्या, सैन्याने तपासलेल्या वाहनाची ही कथा. गल्लीतल्या वेल्डरकडून तळ मारून घेतलेल्या जीपचं काय होईल, ते सांगायला नको.

तिसरी अडचण जिवाची. गाडीचा पत्रा वेल्ड करून पाणी अडवता येतं, पण इंजिनाचा फिरता शाफ्ट तळातून बाहेर काढावाच लागतो. तिथे रबराचा बूट आणि क्लॅम्प. अमेरिकेत १ मे १९९९ रोजी आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज गावाजवळ तलावात पर्यटकांना फिरवणारी एक युद्धकाळातली ‘डक’ गाडी अशाच बुटातून पाणी शिरून काही मिनिटांत तळाशी गेली. तेरा माणसं बुडाली. चौकशीत दोन गोष्टी ठळक झाल्या. आत पाणी शिरल्यावरही गाडी तरंगत राहील अशी राखीव तरण्याची सोय तिच्यात नव्हती, आणि वरच्या छतामुळे माणसं आतच अडकली. या दोन ओळी वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवाव्यात. छप्पर नको, आणि कितीही पाणी आत शिरलं तरी बुडणार नाही असाच सांगाडा हवा.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या मूळ स्वरूपापेक्षा वेगळा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ती देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच स्पष्ट सांगितलं की, नियमात बसत नसल्यामुळे ही गाडी आज ना उद्या अडवली जाणार. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि पुढच्या महिन्यात ती दिलीही. प्रत्येक जुगाडाला बोलेरो मिळत नाही. पाण्यावर तर वेगळाच कायदा लागतो. अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ नुसार यंत्राने चालणाऱ्या होडीला नोंदणी आणि तपासणी लागते. विजेवर चालणारं यंत्रही त्यातून सुटत नाही. म्हणजे अडीचशे वॅटची, ताशी पंचवीस किलोमीटरची ई-सायकल रस्त्यावर परवान्याशिवाय चालते, पण तीच मोटर पाण्यात फिरवली की प्रश्न उभा राहतो. पायडल मारणाऱ्याला आरटीओ काही विचारत नाही.

सायकलचा नमुना आपल्या देशातच आहे. बिहारमधल्या मोतिहारीचे मोहम्मद सैदुल्लाह यांनी १९७५ च्या पुरात, नावाड्याला द्यायला पैसे नसताना, सायकलच पाण्यावर चालवायची ठरवली. पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ चौकोनी हवाबंद डबे आणि मागच्या चाकाच्या तारांना पाती, एवढीच त्यांची करामत. रस्त्यावर डबे दुमडायचे, पाण्यात खाली सोडायचे. पाण्यात मागचं चाक फिरलं की खालची पाती पाणी मागे लोटतात आणि सायकल पुढे सरकते. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. या सायकलचे फोटो पाहून लोक हसतात. पण कार्लिनच्या जीपला जे जमलं नाही, म्हणजे गरिबाच्या खिशात बसणं, ते हिला जमलं.

आपल्या भाषेत तर या यंत्राला जुना शब्दच आहे: सांगड. दोन ओंडके, दोन होड्या किंवा सुकलेले भोपळे एकमेकांना बांधून केलेला तराफा. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण बैठकांच्या इतिवृत्तात वापरतो, पण त्याचं मूळ नदीवर आहे. नगरकडच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून ज्यांनी पोहायचे धडे घेतले, त्यांना सांगडीचं निम्मं शास्त्र समजावून सांगायची गरज नाही.

उरलेलं निम्मं गणित आहे, आणि ते तोंडी होतं. एक लिटर हवा पाण्याखाली दाबली की एक किलो वजन पेलते. चालवणारा सत्तर किलो, सायकल अठरा, सामान पंधरा, बांबूचा सांगाडा आणि डबे मिळून पंचवीस. एकूण एकशे अठ्ठावीस किलो. तेवढ्याच लिटरचे डबे लावले तर ते पूर्ण बुडून जेमतेम तरंगतील आणि पहिल्याच लाटेला घोळ होईल. म्हणून दुपटीच्या आसपास धरायचं. वीस लिटरचे बारा कॅन, म्हणजे दोनशे चाळीस लिटर. मग डबे निम्म्याहून किंचित जास्त बुडतात आणि बाकीचा भाग वर राखीव राहतो. यातले दोन कॅन फुटले तरी दोनशे लिटर उरतात. सांगड एका बाजूला कलंडेल, पण तळाशी जाणार नाही. हॉट स्प्रिंग्जच्या गाडीत नेमकं हेच नव्हतं.

इथे बरेच जण दोन चुका करतात. एक, दोनशे लिटरचं एकच पिंप लावतात. भोक पडलं की सगळंच गेलं. दुसरी चूक पीव्हीसी पाइपाची. शेतात पाइप पडलेलाच असतो, म्हणून दहा इंची पाइपाचे तीन-तीन मीटरचे दोन तुकडे घेतले, तोंडं बंद केली, की झालं असं वाटतं. तरंगायला ते उत्तमच. पण पाच मिलिमीटर जाडीचा असा पाइप मीटरला साडेपाच किलो भरतो. सहा मीटरचे तेहतीस किलो. ते वजन पाण्यात कळत नाही. रस्त्यावर नेवाशाच्या पुढे चढ लागला की कळतं.

रचना अशी करावी. सहा कॅन एका ओळीत, तोंडं वर. दोन्ही बाजूंना लांब बांबू आणि मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांचे आवळून बांधलेले वेढे. सुतळी भिजली की वेगळी वागते आणि तार कॅन कापते. ट्यूबची पट्टी मात्र ताणून बांधली की पकडून राहते आणि फुकट मिळते. अशी एक ओळ साधारण अडीच मीटर लांब होते. तशीच दुसरी. दोन्हींमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत सव्वा मीटर अंतर आणि वर तीन आडवे बांबू. आडव्या बांबूंना मात्र पट्टी बांधू नये. ट्रकवाले माल आवळायला वापरतात ते रॅचेटचे पट्टे लावावेत, कारण ही जोडणी प्रवासात रोज सोडावी आणि घालावी लागणार. ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून वापरायचा मोह आवरावा. ती तरंगते झकास, पण गोल असल्यामुळे पुढे जायचंच नाकारते.

सायकल आडव्या बांबूंवर अशी बसवावी की मागचं चाक पाण्यात फार बुडणार नाही. पाती रिमजवळ लावावीत आणि चाक साधारण पातीच्या उंचीएवढंच पाण्यात असावं. हबपर्यंत बुडालं तर पाती पाणी मागे लोटण्याऐवजी उचलून चालवणाऱ्याच्याच पाठीवर ओततात. पाती जुन्याच कॅनच्या प्लॅस्टिकची कापता येतात. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या तबकड्या बांधल्या की तेच सुकाणू होतं. १९६० च्या दशकात जर्मनीत बनलेल्या ‘अँफिकार’ मोटारीत पुढची चाकंच सुकाणूचं काम करत. वळायची ती आळसाने, पण वळायची. त्या मोटारीची आणखी एक आठवण मालकांच्या लक्षात राहिली: पाण्यातून बाहेर आलं की दर वेळी ग्रीस भरायचं. सायकललाही तेच. हबचे छरे, पायडलचा एक्सल, फ्रीव्हील, चेन. मुक्कामी पोचल्यावर आधी सायकलचं तेलपाणी, मग आपलं चहापाणी.

वेगाचं स्वप्न पाहू नये. धडधाकट माणूस तासन्‌तास पायडल मारून पंचाहत्तर-शंभर वॅट ताकद देतो. त्यावर अशी सांगड शांत पाण्यात चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गेली तरी पुष्कळ. समोरून वारा आला तर तेवढीही नाही, कारण वर ताठ बसलेला माणूसच शिडासारखा वारा धरतो.

रस्त्यावर याच दोन ओळी एकमेकींना चिकटवून, लहान मुलांच्या सायकलची दोन चाकं लावून मागे गाडा म्हणून ओढायच्या. पंचवीस किलोचा, लांब, पण हलका गाडा. बदल करायला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर घरीच सराव करावा. अंगणात दहा वेळा खोल-जोड केल्याशिवाय पाण्याकडे फिरकू नये.

सराव पाण्यात कुठे करायचा? या जिल्ह्यात मनात पहिल्यांदा येतं ते शेततळं, आणि तिथेच जायचं नाही. शेततळ्याच्या उतारावर प्लॅस्टिकचा कागद असतो. शेवाळ धरलेल्या त्या कागदावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. दरवर्षी अशा तळ्यांत माणसं जातात. त्यापेक्षा गावाजवळचा पाझर तलाव, मुरमाड काठ आणि कमरेएवढं पाणी बघावं. पहिल्या दिवशी सायकल न लावता नुसत्या सांगडीवर दोघांनी एकाच कडेला उभं राहून पाहावं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन कॅन काढून चालवावी. बुडायचं असेल तर कमरेएवढ्या पाण्यात बुडावं.

कॅनची एक बारीक गंमत इथेच उमगते. भर उन्हात टोपणं घट्ट लावून पाण्यात उतरलं की आतली गरम हवा थंड होऊन आक्रसते आणि कॅनच्या बाजू आत ओढल्या जातात. म्हणून टोपणं पहाटे, काठावरच, गारव्यात लावावीत. पुढे कुणी कॅनऐवजी ताडपत्रीच्या कापडाचे फुगवायचे नळे करून घेतले, तर त्रास उलटा होतो. पहाटे गच्च भरलेला नळा दुपारी काठावर तापला की शिवण उकलते. बाहेर काढला की थोडी हवा सोडावी.

आता प्रवास. खरं तर उभयचर सायकलचं काम महाराष्ट्रातल्या नद्यांवरच जास्त आहे, कारण आपल्या नद्या सलग उरलेल्याच नाहीत. गोदावरीच घ्या. नाशिक जिल्ह्यात नांदूरमधमेश्वरचा बंधारा, पुढे कोपरगाव-पुणतांब्याच्या पट्ट्यात कोल्हापुरी बंधारे, मध्येच जलपर्णीचा गालिचा, मध्येच उघडं पडलेलं पात्र, आणि प्रवरासंगमच्या आसपास अचानक जायकवाडी धरणाच्या नाथसागराचं अथांग पाणी. नुसती होडी घेऊन निघालेला माणूस दर काही किलोमीटरला अडतो. सांगडीवाला काठावर चढतो, गाडा जोडतो आणि बंधाऱ्याला वळसा घालून पुढे जातो. हा वळसा प्रत्येक बंधाऱ्याला घालायचाच. वरून पाणी सांडणाऱ्या बंधाऱ्याखाली जो भोवरा होतो, तो तरंगणारी वस्तूही पुन्हा पुन्हा आत ओढतो. तिथे पोहता येण्याचा उपयोग नाही.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही जलसंपदा विभागाकडे आवर्तनाची आणि विसर्गाची चौकशी केल्याशिवाय पात्रात उतरू नये. समन्यायी वाटपाच्या कायद्यामुळे नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पावसाळ्यानंतरही पाणी सुटतं. त्यावरून मोर्चे निघतात, कोर्टकचेऱ्या होतात आणि मग एके रात्री पाणी येतं. नदीकाठी कृषिपंपांच्या वायरी लोंबत असतात. पाण्यात पडलेल्या वायरीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. प्रवरा-मुळेच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून सायकल ढकलत जाणारा माणूस पुढच्या पावलाला पुरुषभर खोल जातो.

नाथसागर भरला की पंचावन्न किलोमीटर लांब आणि सत्तावीस किलोमीटरपर्यंत रुंद. तिथे दुपारी वारा सुटला की लाटा उठतात आणि अशा सांगडीचं काही चालत नाही. शिवाय तो पक्षी अभयारण्याचा भाग आहे. नांदूरमधमेश्वरही तसंच, आणि पाणथळ जागांच्या रामसर यादीतलं. वनविभागाची परवानगी नसेल तर या दोन्ही ठिकाणी सायकल रस्त्यानेच न्यावी. चाकं त्यासाठीच आहेत. परवानगी मिळालीच तर पहाटे निघून दहाच्या आत काठ गाठावा, आणि मासेमारीच्या जाळ्यांची तरंगणारी खूण दिसली की लांबून जावं. त्या जाळ्यावर कुणाचं तरी घर चालतं.

आणि काठ कुठला, ते आदल्या दिवशी ठरवावं. उतरायला कुठूनही येतं, बाहेर पडायला नाही. पाणी ओसरल्यावर नाथसागराच्या कडेने जी गाळपेर जमीन उघडी पडते, ती लांबून कोरडी दिसते आणि पाय टाकला की मांडीपर्यंत घेते. मागे पंचवीस किलोचा गाडा असताना तिथून निघणं म्हणजे अर्धा दिवस. म्हणून जुन्या देवस्थानांचे दगडी घाट हेरून ठेवावेत. पुणतांबा आहे, प्रवरासंगम-टोका आहे. प्रवरासंगमला तर घाटावरून वर आलं की नगर-संभाजीनगर महामार्ग जवळच लागतो, आणि गरम भजीही.

खर्चाचं अंदाजपत्रक प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने मांडावं. बारा जुने कॅन, आठ-दहा बांबू, चार पट्टे, दोन लहान चाकं. यात फार पैसे जात नाहीत. पैसे जातात ते लाइफ जॅकेटला, आणि तिथे घासाघीस करू नये. थर्माकोल भरलेलं देखावा-जॅकेट नको. प्रमाणित, वजनाप्रमाणे मापाचं, पट्टा जांघेतून येणारं घ्यावं. पहिल्या खोल पाण्याच्या फेरीला गावातल्या एखाद्या भोई दादांना त्यांची होडी घेऊन शेजारून यायला सांगावं आणि त्यांची दिवसाची मजुरी आधी हातावर ठेवावी. ‘आज वारा बरा नाही’ असं ते म्हणाले, तर सायकल गाड्याला जोडून घरी परतावं.